चीफच्या घरातले आरसे

चीफच्या घरात चार आरसे होते आणि चारही झाकलेले होते. बेसिनवरच्या आरशावर मलाक्काच्या सामुद्रधुनीचा जुना नकाशा, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून बसवलेला. माझ्या खोलीतल्या कपाटावर बंगालचा उपसागर. पलीकडच्या रिकाम्या खोलीतल्या कपाटावर अरबी समुद्र, त्यात मुंबईच्या खाली चहाच्या कपाचा गोल डाग. दाराजवळच्या छोट्या आरशाच्या वाट्याला नकाशा आला नसावा, त्याला नुसतं वर्तमानपत्र. खोली बघायला गेलो तेव्हा मी चाचरत विचारलं, "दाढी कशी करायची?"

"हाताने," चीफ म्हणाले.

मी त्यांच्याकडे दोन वर्षं राहिलो आणि दोन वर्षं स्टीलच्या ताटात बघून दाढी केली. भांग पाडायचा तो एमआरटीच्या, म्हणजे सिंगापूरच्या मेट्रोच्या, दाराच्या काचेत. वुडलँड्सहून चांगी बिझनेस पार्कला पोचायला सव्वा तास लागायचा, तेवढ्यात माणूस माणसात येतो. ऑफिसातल्या एका मुलीने एकदा माझ्या कानामागचा साबणाचा फेस टिश्यूने पुसून दिला होता आणि मला वाटलं होतं, आता काहीतरी सुरू होणार. काही सुरू झालं नाही.

चीफ म्हणजे बोटीवरचे चीफ इंजिनियर. मूळचे गुहागरकडचे. पंचवीस-सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांच्या पोटात काढून आता किनाऱ्यावर, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात नोकरीला होते. लग्न राहून गेलेलं. फ्लॅट त्यांनी भाड्याने घेतला होता आणि एक खोली मला दिली होती, कारण त्यांच्या मते इंजिनरूममध्ये माणसाने एकट्याने उतरू नये. वय पन्नाशीचं, उंची भरपूर, खांदे किंचित पुढे झुकलेले आणि डोक्यावर कायम लोकरीची टोपी. सिंगापूरच्या उकाड्यात लोकरीची टोपी! पहिलं वर्षभर मी ती उतरलेली पाहिली नाही.

त्यांचा एक हात नेहमी कशाला ना कशाला लागलेला असायचा, आणि तोही उलटा. फ्रिजला, भाताच्या कुकरला, टीव्हीच्या पाठीला ते हाताची मागची बाजू लावून बघत. "तळहात लाडावलेला असतो," म्हणत. "खरं सांगते ती मागची बाजू." सार्सची साथ ओसरून फार दिवस झाले नव्हते, सगळ्या शहराला ताप मोजायची सवय लागली होती. पण आमच्याकडे थर्मामीटर डब्यात आणि चीफचा उलटा हात माझ्या कपाळावर. मग भिंतीला टांगलेल्या वहीत नोंद व्हायची: फ्रिज ठीक, पंखा ठीक, भाडेकरू ठीक.

कुठलंही यंत्र तापलं की त्यांचं एकच सूत्र होतं. गरम झालं की आधी थंड कर, का झालं ते मागाहून शोध. एकदा माझा लॅपटॉप तापला म्हणून त्यांनी तो गोठवलेल्या मटारच्या पिशवीवर ठेवला. लॅपटॉप थंड झाला तो कायमचाच. चीफना मुळीच वाईट वाटलं नाही. "बेअरिंग जळण्यापेक्षा बरं," म्हणाले.

आता हेही सांगून टाकतो की मी नागपूरचा, बौद्ध घरातला. बावीस प्रतिज्ञा पाठ करत वाढलेला मुलगा. आमच्याकडे भूतखेत, पितर, श्राद्ध असल्या गोष्टींना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. वडील म्हणायचे, मेलेला माणूस परत येत नाही, जिवंतच नीट येत नाहीत. त्यामुळे पुढचं जे सांगणार आहे ते मी कसं पाहिलं, एवढंच सांगेन. ते काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

टोपी उतरली ती एका रविवारी दुपारी. चीफ सुरमई तळत होते, तेवढ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला. बोलणं झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"बहीण म्हणते, आईला आता एकटीच्याने सांभाळणं होत नाही. तिला सिंगापूरला ने म्हणते."

"मग आणा की, चीफ. ती खोली रिकामीच आहे."

"आणीन. पण ती राहणार कोणाकडे?"

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी टोपी काढली. पूर्ण टक्कल, आणि या कानापासून त्या कानापर्यंत मागून गेलेली कुरळ्या केसांची झालर. मग पाकिटातून एक फोटो काढून टोपीशेजारी ठेवला. मी म्हणालो, "तुमचा पासपोर्टचा दिसतोय."

"बाबा आहेत," चीफ म्हणाले. "जाऊन एकोणीस वर्षं झाली."

फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस यांच्यात फक्त शर्टाच्या कॉलरचा फरक होता.

"गेल्या मे महिन्यात घरी गेलो. आईला हल्ली फारसं आठवत नाही. मी दारात उभा राहिलो, तर तिने पदर डोक्यावर घेतला. मला म्हणाली, 'अहो, केव्हा आलात? पोरगा अजून बोटीवरून आला नाही.' मी म्हटलं, आई, मीच तो. तिने ऐकलंच नाही. मला पाट मांडला, पाणी ठेवलं आणि दाराआड जाऊन बसली. पोरगा आल्याशिवाय जेवायची नाही म्हणाली. मी होतो तेवढे दिवस नुसत्या चहावर राहिली. शेवटी बहिणीने हात जोडले, दादा, तू जा. मी गेलो, तशी ती सगळं विसरली आणि पोटभर जेवली."

त्यांनी फोटो परत पाकिटात घातला.

"पहिल्या बोटीवर गेलो तेव्हा माझ्या कपाळावर एवढी झुलपं होती. ती तेल लावून बसवायची. दर सुट्टीत परत आलो की केस थोडे कमी झालेले असायचे. तिच्या डोक्यात केसवालाच मुलगा राहिलाय रे. तो आला नाही आणि हा म्हातारा येऊन बसला. इथे तर मी रोज तिच्यासमोर असणार. ती जेवलीच नाही तर?"

आरसे का झाकलेत हे मला त्या दिवशी समजलं, आणि ताटातल्या दाढीबद्दल मी पुन्हा कधी कुरकुर केली नाही.

केसांचं ऑपरेशन करायचं ठरलं ते अशा कारणाने. यार्डातल्या लोकांना वाटलं, चीफला म्हातारपणी बायको करायची आहे. चीफनी वाटू दिलं. बहीण आईला घेऊन दहा महिन्यांनी येणार होती आणि तेवढ्यात केस उगवतील असं शहरातल्या त्या डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर वयस्कर, हळू बोलणारे चिनी गृहस्थ होते. डोक्याच्या मागची कातडीची एक पट्टी कापायची, तिच्यातले केस मुळांसकट सुटे करायचे आणि एकेक करून पुढे लावायचे. मागे राहील ती एक बारीक रेघ. मागचं डोकं चाचपताना त्यांची बोटं एका जागी थांबली. तिथे जुना व्रण होता.

"लहानपणी विहिरीच्या कठड्यावर चढलो होतो," चीफ म्हणाले. "मागच्या मागे पडलो. आईने हळद भरली आणि दोन दिवस डोकं मांडीवरून खाली ठेवू दिलं नाही."

डॉक्टर म्हणाले की तो व्रण नेमका पट्टीत येतोय, तो जाईल.

"जाऊ दे," चीफ म्हणाले. "मागचं कोण बघतंय?"

ऑपरेशनच्या दिवशी मी सोबत होतो. संध्याकाळी निघताना चीफ औषधांनी गुंगले होते, म्हणून डॉक्टरांनी सगळ्या सूचना मला दिल्या. सूज कपाळावर उतरेल, तिथे बर्फ चालेल. नव्या केसांवर मात्र बर्फ अजिबात नको, त्या कातडीला रक्त लागतं. हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि मी दोनदा मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. डोळ्यांच्या फटी झाल्या, नाक बुडालं, भुवया खाली आल्या. चीफच्या खुर्चीत कोणी अनोळखी माणूस चीफचा शर्ट घालून बसल्यासारखा दिसे. त्याने उलटा हात डोक्याच्या पुढच्या भागाला लावला आणि म्हणाला, "तापलंय. बर्फ आण."

"डॉक्टर नको म्हणाले होते, चीफ. तिथे नको म्हणाले होते."

"डॉक्टर इंजिनरूममध्ये उतरलेत कधी? गरम झालं की आधी काय करायचं?"

मी खाली कॉफीशॉपमध्ये गेलो आणि बर्फ आणला. मला आजही त्याची लाज वाटते. डॉक्टरांचं ऐकलेला मी एकटा शुद्धीवरचा माणूस होतो, आणि मी बर्फ आणला, कारण ते चीफ होते आणि मी भाडेकरू. दोन दिवस सुट्टी काढून मी दर चार तासांनी पिशवी भरून देत होतो, बोटीवरच्या पाळीसारखी. कॉफीशॉपची आंटी हसून म्हणायची, "व्वा, युअर अंकल एव्हरी डे पार्टी आह?" डोक्याचा तो भाग ऑपरेशनमुळे बधिर होता. बर्फ भाजतोय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. ते वहीत लिहीत राहिले: थंड, थंड, थंड.

पाचव्या दिवशी कपाळाच्या वर, बरोबर मधोमध, कातडी राखाडी झाली. मग निळसर. रविवारी ती काळी होती, पन्नास सेंटच्या नाण्याएवढी, आणि बोटाने वाजवली तर टकटक वाजत होती. चीफनी ती वाजवली आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटलेली मी पाहिली.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढून ती जागा बघितली. मग एकच शब्द उच्चारला, "बर्फ?" चीफ म्हणाले, "हो." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी भिंतीकडे. कातडी मेली होती. ती हळूहळू कापून काढावी लागली, जंतू झाले, औषधं बदलली, पट्ट्या बदलल्या. त्यातच चीफ यार्डात कामावर गेले, इंजिनाच्या पोटात वाकले, आणि मागचे टाके ताणले गेले. बारीक रेघ राहणार होती तिथे अंगठ्याएवढा रुंद, गुलाबी, चकचकीत पट्टा झाला. त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

खरं विचित्र प्रकरण यानंतर सुरू झालं. चौथ्या-पाचव्या महिन्यात मेलेल्या जागेच्या भोवतीने केस उगवू लागले आणि बधिर कातडी जागी होऊ लागली. एका संध्याकाळी आम्ही बसलो असताना चीफनी कपाळावरचे ते नवे केस सहज मागे सारले आणि एकदम मान वळवली.

"मागे कोण आहे?"

मागे भिंत होती. तसं मी सांगितलं.

"मानेला हात लावला कोणीतरी."

आठवडाभर हे चाललं. मग एकदा त्यांनी मला समोर उभं केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पुढच्या केसांना बोट लाव. लावलंस की सांगू नको."

मी बोट लावलं.

"मागून लावलंस," चीफ म्हणाले.

मी पुन्हा लावलं, अगदी कपाळाजवळ.

"मागून. मानेच्या वर." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "तू समोरच उभा आहेस ना?"

"हो."

"मग मागे कोण आहे?"

डॉक्टरांकडे याचं उत्तर होतं. नसा पुन्हा वाढताना गोंधळतात, काही महिन्यांत ताळ्यावर येतात. मी ते उत्तर लगेच मान्य केलं, कारण आमच्या घरी तशीच शिकवण होती. चीफनीही मान डोलावली. केबल चुकीची जोडली तर भलतीच मोटर फिरते, हे त्यांना पटण्यासारखंच होतं. पण घरी आल्यावर त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि मला म्हणाले, "बाबा चालताना माझ्या मानेवर हात ठेवायचे. असा. वळायचं असेल तिकडे दाबायचे." त्या दिवसापासून मीही पाठ भिंतीकडे करून जेवू लागलो. शिकवण एकीकडे, पाठ एकीकडे.

बहिणीने आईच्या इथे राहायच्या पासासाठी कागद पाठवले, त्या पाकिटात एक जुना फोटो घातला होता. आईवडिलांच्या लग्नाचा. नवरदेव पंचविशीतला. कपाळावर आलेले आखूड, ताठ, कुरळे केस.

चीफचे लहानपणीचे केस सरळ होते. पण आता पुढे उगवले होते ते मागचे, झालरीचे, कुरळे. फोटोतला नवरदेव जणू म्हातारा होऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसला होता. चीफ फोटोकडे बघत राहिले, मग त्यांनी टोपी शोधून घातली.

"बाबांना पुढच्या दाराने हाकललं," ते म्हणाले, "आणि मीच मागच्या दाराने आत घेतलं."

"केसच आहेत, चीफ," मी म्हणालो.

"तुम्हा नागपूरवाल्यांना समुद्र म्हणजे फुटाळा तलाव. तुला नाही कळायचं."

आई आली. चांगी विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसलेली, पाखरासारखी छोटी म्हातारी. चीफनी टोपी काढली आणि पुढे झाले. दहा महिने ते या क्षणासाठी जगले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, डोक्यावर पदर ओढला आणि नजर खाली घातली.

"पोरगा नाही आला?" तिने हळूच विचारलं.

 चीफनी टोपी घडी करून खिशात ठेवली. त्यांचा चेहरा बघवेना म्हणून मी ट्रॉली ढकलायला लागलो.

पुढचे दोन दिवस तिने चहाशिवाय काही घेतलं नाही. ताई म्हणजे चीफची बहीण, बोलायला फटकळ आणि मनाने घाबरट. आल्या आल्या तिने सगळे नकाशे टराटरा फाडले. "आरसे झाकायला घरात मेलंय कोण?" असं म्हणाली आणि मग आपल्याच बोलण्याने दचकली. चीफ आरशांसमोरून जाताना मान खाली घालून जात. तिने भात कालवून आईच्या तोंडाशी नेला, पेज केली, मऊ खिचडी केली. आई तोंड फिरवायची. "ते बसलेत, पोरगा आला नाही, आणि मी कशी जेवू?" तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "दादा, शनिवारचं तिकीट मिळतं का बघ. मी नेते हिला परत. इथे मरेल ती." चीफनी मान डोलावली.

त्या दुपारी आईच्या व्हीलचेअरचं पुढचं चाक करकरत होतं. चीफना असला आवाज ऐकवत नसे. आई कपाटाच्या आरशाकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. चीफ तिच्या पुढ्यात, तिला पाठमोरे, जमिनीवर बसले आणि वाकून चाकात तेल घालू लागले. मी दारात उभा होतो, ताई ताट घेऊन माझ्या मागे.

आईची नजर खाली गेली. समोर तिच्या गुडघ्यांपाशी ते डोकं होतं आणि डोक्यावर तो रुंद, गुलाबी, नीट न भरलेला पट्टा. ती बघत राहिली. मग तिने हात पुढे केला आणि बोट त्या व्रणावरून फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

चीफचा हात चाकावर थांबला.

"किती वेळा सांगितलं," ती म्हणाली, "विहिरीच्या कठड्यावर चढू नको म्हणून." आणि तिने त्यांना एका नावाने हाक मारली. ते घरातलं नाव होतं, दोन अक्षरांचं. मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि ते इथे लिहिणार नाही. "हलू नको. अजून ओलं आहे. अगं, हळद आण कोणीतरी."

ताईने हातातलं ताट माझ्यापुढे केलं. मी ते धरलं.

चीफ हलले नाहीत. ते रडत होते, हे पाठीवरून समजत होतं. आईने दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून मागे आपल्या मांडीला टेकवलं, आणि त्यामुळे त्यांचा चेहरा वर आला, समोरच्या आरशात. ते कुरळे केस, ते कपाळ. आईनेही वर पाहिलं. मांडीवर तिचा मुलगा होता, आणि आरशात तिला कोण दिसलं ते आम्हाला तिच्या चेहऱ्यावर कळलं. तिने एक हात सोडवून पदर सारखा केला.

"अहो," ती आरशाला म्हणाली, "आला बघा. पोरगा आला."

 चीफनी किती वर्षांनी आरशात पाहिलं असेल, कोण जाणे. त्यांनी नजर खाली घातली नाही. दोघं एकमेकांकडे बघत होते, मांडीवरचा आणि आरशातला.

"मग वाढ की," आरशातला माणूस म्हणाला. "त्याला भूक लागली असेल. तूही बस त्याच्याबरोबर."

चीफचा आवाज मी दोन वर्षं रोज ऐकत होतो. तो आवाज त्यांचा नव्हता. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची बोटं उमटली. ती पुटपुटली, "बाबा."

आई हसली आणि तिने ताटाकडे हात केला, तसं मी ते तिच्यापुढे नेलं. पहिला घास तिने चीफच्या तोंडात घातला, आणि दुसरा स्वतःच्या.